जिममुळे नायटा झाला की पावसामुळे? मालक म्हणतो "घरूनच आणलास"

खारी_हवा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी, जरा लाजिरवाणा प्रश्न आहे पण इथे कोणी ओळखत नाही म्हणून विचारतो. मे महिन्यात जिम लावली, वजन ९१ वर गेलेलं आणि घरात रोज टोमणे. पहिला महिना मस्त गेला. मग पाऊस लागला आणि जूनच्या शेवटी मांडीच्या सांध्यात एक गोल चट्टा आला, कडेने लाल आणि मधे साफ, बांगडी ठेवल्यासारखा. आता कमरेवर पण दोन आलेत. खाज अशी की ऑफिसात मिटिंग चालू असताना उठून बाहेर जावं लागतं.

मेडिकलवाल्याला सांगितलं, त्याने काही न विचारता एक ट्यूब दिली. तीन दिवसांत जादू, सोडली, आठ दिवसांत दुप्पट होऊन परत. परत लावली, परत तेच. आता तिसरी ट्यूब चालू आहे आणि काल मुलाच्या मानेवर तसाच चट्टा दिसला तेव्हा खरंच टेन्शन आलं.

जिम म्हणाल तर आंब्याच्या पेट्या ठेवायचं जुनं गोडाऊन होतं तिथे चालू केलीय. पावसाची झड आत येते म्हणून शटर अर्धं खाली, एक पंखा, तोही ट्रेडमिलच्या बाजूला. मेन बेंचचं रेक्झिन फाटलंय, बोटाने दाबलं की आतला स्पंज ओला लागतो. लॅट पुलडाऊनच्या मशीनवर एक निळा नॅपकिन लटकतो, तो कोणाचा ते कोणालाच माहीत नाही पण तोंड सगळे पुसतात. मालकाला बोललो तर म्हणाला बाकी कोणाला काय झालं नाही, तू घरूनच आणलास. मग मी हळूच चौकशी केली तर तिघांनी कबूल केलं, एकाला तर गेल्या वर्षीपासून आहे.

सप्टेंबरपर्यंतचे पैसे भरलेत. जिम सोडू का? मशीनवरून खरंच होतं का हे? मालक रोज सकाळी फिनेल मारतो, वास तर येतो.

सुरमई_तळलेली (मालवण)

मेल्या, सगळा मालवण खाजवता हा पावसात, तू एकटो नाय 😄

जोक सोड. माका पण झालेला दोन वर्षांपूर्वी आणि माझी तर जिम पण नाही. आजीने टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायला लावलेलं. थंड वाटलं, गेलं काय नाही.

ओपीडीतून_थेट (कुडाळ)

स्किनची प्रॅक्टिस करते. आधीच सांगते, इथे फोटो टाकू नका, प्लीज.

ऐकून तरी नायटाच वाटतोय, म्हणजे गजकर्ण. ही बुरशी आहे, त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते, आणि तिला काय लागतं तर ऊब, ओल आणि घासणारी जागा. जुलैमध्ये कोकणात हे तिन्ही फुकट मिळतं. आत्ता माझ्या ओपीडीत दहातले चार-पाच पेशंट याचेच असतात, त्यात मासेवाल्या ताई आहेत, एसटीचे ड्रायव्हर आहेत, शाळेतली मुलं आहेत. सगळे काय जिमला जात नाहीत.

आता तुमची ट्यूब. ती उचला आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं काही लिहिलंय का? असेल तर ते स्टेरॉइड आहे, आणि तुमची "तीन दिवसांची जादू" तीच. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, त्या जागेची प्रतिकारशक्ती पण दाबतं, म्हणजे पोलीस झोपवून चोराला घर मोकळं. बुरशी खाली आरामात पसरते. मग गोल आकार पण राहत नाही, आम्हालाही ओळखायला त्रास होतो, आणि महिनोन्महिने लावलं तर जांघेत पोटावरच्या स्ट्रेच मार्कसारखे पांढरे पट्टे पडतात ते आयुष्यभर जात नाहीत. विशीतली मुलं येतात असे पट्टे घेऊन. २०१८ पासून ही स्टेरॉइडवाली मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. देतात.

यातून एक नवीन भानगड पण झालीय. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत-नेपाळच्या पेशंटमधून मिळालेल्या एका बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं, नावातच इंडिया आहे बघा. टर्बिनाफिन नावाचं जे औषध पूर्वी हमखास चालायचं ते हिच्यावर बरेचदा चालत नाही. अर्धवट उपचार आणि ही मिक्स मलमं, यांचा त्यात मोठा हात आहे असं आम्ही बहुतेक जण मानतो. त्यामुळे "मित्राला ही गोळी लागू पडली" म्हणून तीच खाऊ नका.

ट्यूब बंद केलीत की चार-आठ दिवस खाज वाढेल, घाबरून परत लावू नका, त्याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरकडे जा. मुलाला पण घेऊन जा, घरात ज्यांना ज्यांना झालाय त्या सगळ्यांना एकदम औषध नाही दिलं तर हा पिंगपाँग दिवाळीपर्यंत चालतो. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावर पण साधारण दोन आठवडे मलम चालू ठेवायचं, चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं. इथेच सगळे चुकतात, दिसेना झाला की ट्यूब कपाटात.

@सुरमई टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे नायटा मारणारा, त्यामुळे आजी हवेतलं बोलत नव्हती. पण सध्याच्या नायट्याला ते पुरत नाही. टाकळ्याची भाजी खा, ओलं खोबरं घालून.

झोलर

म्हणजे क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल या बुरशीवरच्या मलमांच्या नावात झोल आहे पण ते झोल करत नाहीत, आणि झोल करतात ते सोन आणि सॉल. लक्षात राहील आता.

ओपीडीतून_थेट (कुडाळ)

हे मी उद्यापासून पेशंटना सांगणार आहे 😂

पैलवान_उतरला_घाट (देवगड)

मी मूळ कोल्हापूरचा, नोकरीने देवगडात. आमच्या तालमीत एका हौद्यात पन्नास पोरं लोळायची, एकमेकांच्या घामात, कुणाला सॅनिटायझर माहीत नव्हता. मातीत ताक, हळद, लिंबू, तेल, कडुनिंबाचा पाला, कापूर पडायचा. कुणाला काय झालं नाही. आत्ताची पोरं एसीत वाढलेली, नाजूक कातडी, म्हणून होतं हे.

ओपीडीतून_थेट (कुडाळ)

पैलवानदादा, राग नका मानू, पण कुस्तीगिरांच्या नायट्याला वैद्यकात वेगळं नावच आहे, टिनिया ग्लॅडिएटोरम. जगभर पैलवानांना होतो म्हणून दिलं. तुमच्या पन्नासातल्या कितीजणांच्या मानेवर-दंडावर चट्टे होते ते आठवून बघा, तेव्हा त्याला रोग म्हणत नसत एवढंच.

पैलवान_उतरला_घाट (देवगड)

आता म्हणालात तर... वस्तादांच्याच पाठीवर होता. "मातीची खूण" म्हणायचे 🙏

रेड_टाकली (सावर्डे)

मी कबड्डीवाला. आमच्याकडे नायट्यापेक्षा केसतूड आणि गळवांचा त्रास जास्त. गेल्या सीझनला टीममध्ये दोन नी-कॅप सगळ्यांत मिळून फिरायच्या, मॅटवर गुडघा सोलवटतो त्यावरच ती चढवायची, धुणार कोण, बॅगेत तशीच कोंबलेली, चेन उघडली की वासाने माणूस मागे. आधी आमच्या कव्हरला खेळणाऱ्या पोराला गुडघ्याच्या वर गळू आलं, मग मला, मग अजून दोघांना. माझं तर चिरावं लागलं. डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो हा की टॉवेल कोणाचा वापरतोस.

ओपीडीतून_थेट (कुडाळ)

याचं पुस्तकी उदाहरण अमेरिकेतलं आहे. सेंट लुईस रॅम्स नावाची त्यांची फुटबॉल टीम, २००३ चा सीझन, ५८ खेळाडूंपैकी ५ जणांना एमआरएसए म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या स्टॅफ नावाच्या जिवाणूचे गळू झाले. शोध घेतला तर सगळे टर्फवर सोलवटलेल्या जागेवर आलेले, टॉवेल शेअर, जखमांना ड्रेसिंग करणाऱ्यांना हात धुवायची नीट सोय नाही. कोट्यवधीची टीम आणि तुमची सावर्ड्याची टीम, दोघांचा टॉवेलच नडला. सोलवटलेली जागा साबणाने धुवायची, झाकायची, आणि ती सुकेपर्यंत दुसऱ्याच्या अंगाला किंवा मॅटला लागू द्यायची नाही.

डंबेल_आणि_डाळभात (चिपळूण)

मी ट्रेनर आहे, दहा वर्षं झाली, त्यामुळे मालकाच्या बाजूने पण थोडं बोलतो आणि विरुद्ध पण.

फिनेलचा वास म्हणजे सफाई नाही. मी बघितलंय काय होतं ते. सकाळी मावशी एक फडकं बादलीत बुडवतात आणि तेच फडकं बेंच, ट्रेडमिलचं हँडल, मॅट, परत बेंच असं फिरवतात. ते फडकं म्हणजे एकाचा घाम दुसऱ्याला पोचवायची एसटी. आधी साबणाच्या पाण्याने घामाचा चिकटा काढायला लागतो, चिकट्यावर मारलेलं औषध चिकटाच खातं. मग डिसइन्फेक्टंट मारून ओलं ठेवायचं, डब्यावर मिनिटं लिहिलेली असतात, कुठे पाच कुठे दहा. मारलं की लगेच पुसलं तर पैसे वाया. आणि काच पुसायचा निळा स्प्रे मारणारे पण आहेत, चकाचक दिसतं, मरत काही नाही.

ब्लीचबद्दल पण सांगतो कारण कोणीतरी सुचवणारच. पाच टक्केवालं हायपोक्लोराइट असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली, रोज ताजं, लादी आणि रबर मॅटसाठी ठीक. लोखंडाला लावू नका. आधीच आपल्याकडे खाऱ्या हवेने रॉड गंजतात, ब्लीचने महिन्यात खवले सुटतील. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये चुकून पण मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद शटरच्या आत तर विचारूच नका. रॉडला जी खरबरीत जाळी असते ना पकडायची, तिच्यात सगळ्यांच्या हाताची मेलेली कातडी आणि चॉक बसलेला असतो, तिथे कापडाने काही होत नाही, नायलॉनचा ब्रश मारायचा आणि वरून तेलाचा हात.

फाटलेलं रेक्झिन हा खरा गुन्हा. स्पंजने एकदा घाम प्यायला की वरून काय वाट्टेल ते मारा, आत पोचत नाही. रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडे न्यायचा बेंचचा पाट, नवीन स्पंज नवीन रेक्झिन, एका संध्याकाळचं काम. तो होईपर्यंत जाडी चिकटपट्टी मारा. आणि रोज स्पिरिटने पुसत बसलात तर रेक्झिन कडक होऊन अजून फाटतं, हे पण मालकांना कोणी सांगत नाही.

आमची जिम २२ जुलै २०२१ च्या पुरात छतापर्यंत बुडालेली. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर मशिनी गाळातून काढल्या, धुतल्या, ग्रीस केलं, बऱ्याच अजून चालतात. पण स्पंजाचं काही म्हणजे काही ठेवलं नाही. बेंच, मॅट, ग्लोव्हज सगळं फेकलं. जीव तुटत होता कारण त्यातल्या चार बेंचांचा हप्ता चालू होता. फोम वाचत नाही एवढं तेव्हा शिकलो.

वाशिष्ठी_काठ (चिपळूण)

त्या आठवड्यात पायाला चिर असताना गाळ काढायला उतरलेल्यांना लेप्टोसाठी (पुराच्या पाण्या-चिखलातून होणारा ताप) गोळ्या वाटलेल्या आठवतायत. विषयाशी संबंध नाही, पण चिखल्या झालेल्या पायाने अनवाणी जिमच्या बाथरूममध्ये जाणारे बघितले की तेच आठवतं. स्लीपर घाला रे.

आठची_बॅच (रत्नागिरी)

लेडीज बॅचबद्दल कोणी बोलतच नाही. आमची बॅच जेन्टस बॅचच्या नंतर, सकाळी आठला. मधे पाच मिनिटं. बेंच अक्षरशः गरम असतो आणि पाठीचा आकार उमटलेला. मी पहिल्या दिवशी परत आले होते घरी.

आता माझी पद्धत सांगते. दोन पंचे, एक अंगाखाली टाकायला आणि एक तोंड पुसायला, दोघांचे रंग वेगळे, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. अंगाखालच्याला एका कोपऱ्यात गाठ मारलीय, गाठीची बाजू नेहमी बेंचकडे, म्हणजे दर वेळी तीच बाजू खाली. योगा मॅट स्वतःची, आणि ती ओली गुंडाळायची नाही, मी हेच करत होते, चार दिवसांनी उलगडली तर काळे ठिपके आणि कुबट वास. पाण्याची बाटली स्वतःची. तिथे माठावर एक स्टीलचा पेला असतो, अर्ध्या बायका वरून पितात अर्ध्या तोंड लावून, आणि विचारलं तर सगळ्या म्हणतात वरूनच.

घरी आल्यावर आधी आंघोळ मग चहा. सासूबाई आधी हसायच्या.

खारी_हवा (रत्नागिरी)

बापरे, एवढं उत्तर येईल वाटलं नव्हतं. ट्यूब वाचली. क्लोबेटासॉल आहे 🤦 बुधवारची अपॉइंटमेंट घेतलीय, आम्ही तिघं जाणार.

पण माझा मूळ प्रश्न राहिलाच की. जिमवरून आलं की घरून? मालकाला तोंडावर काहीतरी सांगायचंय मला.

ओपीडीतून_थेट (कुडाळ)

कोर्टात सिद्ध होणार नाही. बुरशीचे बीजाणू टॉवेल-कपड्यांवर, लादीवर महिनोन्महिने टिकू शकतात, त्यामुळे तो निळा नॅपकिन आणि ओला स्पंज संशयित आहेतच. पण मला तुमचे कपडे सांगा. जिमचे कपडे कुठे वाळतात?

खारी_हवा (रत्नागिरी)

पडवीत दोरीवर. वाळतात असं नाही म्हणता येणार. दोन जोड आहेत, एक ओला असला की दुसरा दमट. कधीकधी तसाच घालून जातो, तिथे घामाने भिजणारच आहे म्हणून.

ओपीडीतून_थेट (कुडाळ)

मिळालं उत्तर. दमट अंडरवेअर घालून तासभर स्क्वॉट मारणं म्हणजे बुरशीला घरपोच जेवण. मशीनला तुमची पाठ आणि तळवे लागतात, जांघ नाही. तुमचा पहिला चट्टा जांघेत आहे. त्यामुळे मालक अर्धा खरं बोलतोय, सॉरी.

कपडे वेगळे धुवायचे, घरच्यांच्यात मिसळून नाही. कपड्यावर चालेल तेवढं गरम पाणी, ६० डिग्रीच्या आसपास. उन्हाची तिरीप आली तर उलटे करून वाळवा. ऊन नसेल तर इस्त्री, तीही उलट्या बाजूने, इलास्टिक आणि शिवणीवर दाबून, बीजाणू तिथेच लपतात. तिसरा-चौथा जोड घ्या, हाच सगळ्यात स्वस्त उपचार. सुती सैल घाला, जिमवरून जीन्स चढवून ऑफिसला जाऊ नका.

आणि एक विचारायचं राहिलं, कमरेला करगोटा आहे का?

खारी_हवा (रत्नागिरी)

आहे... काळा. लहानपणापासून. तुम्हाला कसं कळलं?

ओपीडीतून_थेट (कुडाळ)

कमरेवर दोन चट्टे म्हणालात ना. तो दोरा जूनपासून एकदाही सुकला नसेल. औषध लावता आणि वर तोच ओला दोरा रोज घासतो. काढा. श्रद्धा असेल तर बरं झाल्यावर नवीन बांधा, आईंना माझं नाव सांगा.

रेड_टाकली (सावर्डे)

माझा पण काढतोय आत्ताच 😳

सर्दीवाला

सगळे त्वचेवरच बोलतायत, मला जिममध्ये खोकल्याची जास्त भीती वाटते. अर्धं शटर, एक पंखा, वीस माणसं धापा टाकतायत. कोविडच्या वेळी आपल्याकडे जिम दसऱ्याला उघडल्या, २५ ऑक्टोबर २०२०, तोवर ओरडत होतो उघडा उघडा म्हणून. नंतर वाचलं की कोरियात चेओनान शहरात नुसत्या झुंबासारख्या डान्स क्लासमधून ११२ केसेस झालेल्या. गंमत म्हणजे तिथलीच एक इन्स्ट्रक्टर पिलाटीस आणि योगा पण शिकवायची, त्या क्लासमध्ये कोणाला झालं नाही. लहान खोली, जोरजोरात श्वास, हाच फरक. त्यामुळे ताप-खोकला असेल तर चार दिवस घरी बसा, मसल पळून जात नाही. आणि मालकाला सॅनिटायझरपेक्षा आधी एक्झॉस्ट लावायला सांगा.

डंबेल_आणि_डाळभात (चिपळूण)

+१. एक्झॉस्टने ओल पण जाते, दोन्ही कामं. मालकाला असं सांग की "दादा, ओलीने तुमच्या केबल आणि बेअरिंग गंजतायत". रोगाचं सांगितलं तर अंगावर येतो, मशीनचं सांगितलं तर ऐकतो. स्वानुभव, मी पण मालक झालोय आता.

खारी_हवा (रत्नागिरी)

तीन आठवड्यांनी अपडेट. डॉक्टरांनी खायची गोळी आणि साधं मलम दिलंय. पहिला आठवडा ट्यूब सोडल्यावर भयंकर गेला, रात्री दोनला उठून पडवीत फेऱ्या मारायचो. आता चट्टे फिके पडलेत, मुलाचा तर जवळपास गेला, पण डॉक्टर म्हणाले अजून महिना तरी. करगोट्यावरून आई दोन दिवस बोलली नाही. अंडरवेअरला इस्त्री करताना बायकोने फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला.

जिम पंधरा दिवस बंद ठेवलेली, सोमवारी गेलो. निळा नॅपकिन मी स्वतः उचलून कचऱ्यात टाकला, दुसऱ्या दिवशी तिथे हिरवा लटकत होता. बेंच मात्र नवीन शिवून आलाय. केबल गंजायचा डायलॉग मारला, लगेच काम झालं, वर मलाच सांगतो की मेंटेनन्स महत्त्वाचा असतो भावा.

डंबेल_आणि_डाळभात (चिपळूण)

आणि एक्झॉस्ट?

खारी_हवा (रत्नागिरी)

बसवला ना, मोठा, बारा इंची. परवा फणसाची फांदी तारेवर पडली तेव्हापासून लाइट नाही. शटर पूर्ण वर करून, मोबाईलच्या टॉर्चवर चेस्ट मारतोय.